कंटेंट मॅनेजरचे नेमके काम काय? सांगलीच्या हळद-बेदाणा व्यवसायातील एका पदाविषयी

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्ड परिसरात हळद आणि बेदाणा यांचे पॅकिंग करून स्वतःच्या नावाने विकणाऱ्या एका फर्मने मला ‘कंटेंट मॅनेजर’ या पदाविषयी विचारणा केली आहे. मी मराठी विषय घेऊन एम. ए. केले असून सध्या एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीचे उपसंपादन पाहते. रोज एक पोस्ट जावी, आठवड्याला एखादी रील व्हावी, वेबसाइटवर लेख यावेत आणि दिवाळीपूर्वी भेटवस्तूंच्या बॉक्ससाठी पत्रक तयार असावे, अशा मालकांच्या अपेक्षा आहेत. हे सारे करणाऱ्या व्यक्तीला लेखक म्हणावे, जाहिरात विभागातील कर्मचारी म्हणावे की आणखी काही, हे मला अजून नीट उमगलेले नाही. मार्केटिंग मॅनेजर आणि कंटेंट मॅनेजर यांच्या कामाची हद्द कुठे आखली जाते, कोणती कौशल्ये अंगी असावी लागतात आणि होकार देण्यापूर्वी मालकांशी काय बोलून घ्यावे, याविषयी या क्षेत्रातील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मिरजकर

ताई, मी पुण्यातील एका कंपनीत याच पदावर काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मालकांनी दिलेली यादी कामाच्या शेवटच्या टप्प्याची आहे. पोस्ट, रील आणि पत्रक बाहेर पडण्याच्या आधी फर्मने कोणाशी, कशाविषयी, कोणत्या वेळी आणि कोणत्या आधारावर बोलायचे हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि बाहेर पडलेल्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी जबाबदार असावे लागते. ती व्यक्ती म्हणजे कंटेंट मॅनेजर. माल कोणता, भाव काय, दुकानदाराला सूट किती, जाहिरातीवर खर्च किती आणि विक्रीचे लक्ष्य काय, हे मार्केटिंग मॅनेजरच्या अखत्यारीत येते. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या फर्ममध्ये तो बहुतेक वेळा मालकाचा मुलगा किंवा भाऊच असतो. गिऱ्हाइकाला माल घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर काय समजणे आवश्यक आहे आणि ते त्याला कसे समजेल, हा प्रांत तुमचा. तुम्ही आज पुरवणीत बातमीदाराला विषय देता, आलेली बातमी तपासता, मथळा लावता आणि अंक वेळेवर सोडता. जाहिरातीच्या घोषवाक्यांपेक्षा हे नवे काम त्याला अधिक जवळचे आहे.

एका लेखाचा प्रवास सांगतो, म्हणजे कामाचा अंदाज येईल. समजा, विषय आहे ‘हळद पावडर शुद्ध आहे हे घरी कसे ओळखावे’. हा विषय कंटेंट मॅनेजरला बसल्या जागी सुचत नाही. ऑर्डर घेणाऱ्या मुलीला फोनवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून आपल्या पानापर्यंत येतात हे दाखवणाऱ्या साधनात) त्याच अर्थाचे शोध दिसतात, आणि तेव्हा तो विषय वहीत येतो. मग लेखकासाठी टिपण तयार करायचे: वाचक कोण, त्याची शंका कोणती, कोणाशी बोलायचे, कोणता दावा करायचा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरगुती तपासण्यांची पुस्तिका प्रसिद्ध केलेली आहे. तिच्यातली रीत अशी की पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. नैसर्गिक हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते, कृत्रिम रंग मिसळलेली हळद गडद पिवळा रंग सोडते. ही तपासणी फर्मच्या स्वतःच्या पावडरवर करून तिचे छायाचित्र काढायचे, आणि ते खऱ्या पेल्याचे असावे, इंटरनेटवरून उचललेले नसावे. या तपासणीने प्रत्येक भेसळ पकडता येत नाही, हे वाक्य लेखात राहिलेच पाहिजे. मालकांनी ते काढायला सांगितले तर ते का ठेवायचे हे शांतपणे पटवून देणे हाही कामाचा भाग आहे. लेख बाहेर पडल्यावर त्याचाच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पाकिटाच्या मागच्या बाजूचा क्यूआर कोड आणि फोनवर बसणाऱ्या मुलीसाठी तीन ओळींचे उत्तर, अशी त्याची रूपे तयार होतात. वर्षभराने तो लेख पुन्हा वाचून दुरुस्त करण्याची तारीखही त्याच दिवशी टिपून ठेवायची.

या एका उदाहरणातूनच कौशल्ये लक्षात येतील. माणसांना बोलते करणे, ऐकलेले पडताळणे, दुसऱ्याचे लिखाण त्याचा सूर न मोडता नीट करणे, वेळापत्रक पाळून घेणे, छायाचित्र आणि व्हिडिओ चांगला की वाईट हे ओळखता येणे आणि वेबसाइटच्या मागच्या बाजूला लेख चढवण्याइतके तंत्र येणे. यातले पहिले तीन गुण शिकायला वर्षे लागतात आणि ते तुमच्याकडे आहेत. उरलेले सरावाने लवकर जमतात.

पेठेतला

मी या व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. घाऊक व्यवहारात हळदीचा भाव सौद्यात, म्हणजे यार्डातील लिलावात, ठरतो. खरेदीदार लॉटमधून हळकुंड उचलतो, मोडून आतला रंग पाहतो, पॉलिश आणि ओल पाहतो, गरज पडल्यास कुरकुमिनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) तपासणी अहवाल मागतो. त्याला कोणत्याही लेखाची आवश्यकता भासत नाही. बेदाण्याचेही तेच; हिरवा, पिवळा की काळा, आणि दाण्याचा आकार व चमक, यावर बोली लागते. अशा बाजारात वाढलेल्या मालकाला पूर्ण पगारावर कंटेंट मॅनेजर ठेवणे हा खर्च वाटतो, आणि मला तो संशय रास्त वाटतो. एखाद्या एजन्सीला महिन्याचे ठरावीक काम देणे स्वस्त पडत नाही काय? ताईंना नाउमेद करण्याचा माझा हेतू नाही, परंतु सहा महिन्यांनी मालकांनी ‘यातून विक्री किती वाढली’ असे विचारले, तर उत्तर तयार हवे.

मिरजकर

दादा, सौद्यातील खरेदीदाराविषयी आपण लिहिले ते पूर्णपणे मान्य आहे. फर्म फक्त घाऊक व्यवहार करत असेल तर या पदाची गरज नाही, असे मीही सांगेन. पण ही फर्म पाकीट भरून स्वतःच्या नावाने विकते, आणि पाकिटाचे गिऱ्हाईक हळकुंड मोडून पाहू शकत नाही. सौद्यात डोळ्यांनी आणि हातांनी जी खात्री पटते, ती नाशिक किंवा नागपूरमधील गृहिणीला शब्दांतून आणि चित्रांतून पटवावी लागते.

एजन्सीचा पर्याय वाईट नाही. रचना, व्हिडिओचे संकलन, जाहिरातींची तांत्रिक मांडणी ही कामे बाहेर देता येतात. बाहेरच्या माणसाला यार्डातल्या रोजच्या घडामोडी मात्र कळत नाहीत. यंदा पाऊस लांबल्याने माल ओला आला, अमुक शेतकऱ्याने रासायनिक खत कमी केले, तमुक लॉट तपासणीत नाकारला गेला, ही माहिती फर्मच्या आतच असते, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास नेमक्या अशा माहितीवर बसतो. एजन्सीकडून हजार दुकानांना चालेल असा मजकूर येतो. त्यात हळदीच्या जागी मिरची लिहिली तरी फरक पडत नाही.

माल विकणाऱ्याने स्वतःच वाचकाला उपयोगी मजकूर द्यावा, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही, हे मला आवर्जून लिहावेसे वाटते. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले, आणि या विषयावरील बहुतेक मांडणी तिथूनच सुरू होते. आपल्या किर्लोस्करवाडीचे उदाहरण तितकेच मोलाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी शेतकऱ्यांची भीती होती, आणि तो नांगर खपण्यापूर्वी ती भीती दूर करणे भाग होते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याच्या आणि मालाच्या बातम्या देणारे ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच परिवारातून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके आली. शंकररावांच्या कार्डावर कंटेंट मॅनेजर असे पद छापलेले नसेल, पण कारखान्याच्या आवारात बसून वाचकाला उपयोगी पडेल असे नियमित छापणे हे त्यांनी जे केले तेच हे काम आहे. माल विकणाऱ्याने वाचकाचा आदर राखला तर वाचक वर्षानुवर्षे टिकतो, याचा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याचा असून शेतीसाठी लागणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत मजकुराचे काम पाहतो. मिरजकरांनी वेळेचा उल्लेख केला आहे, त्याला थोडी जोड देतो, कारण बाहेरून आलेली माणसे नेमकी इथेच अडखळतात.

बाजारात मिळणाऱ्या तयार कंटेंट कॅलेंडरमध्ये मैत्री दिन, चॉकलेट दिन असे दिवस असतात. आमचे वेळापत्रक पिकावर चालते. द्राक्षबागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो. फळछाटणीनंतर पाऊस लागला की त्याला डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते, आणि पुढे थंडीत भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाची. डाऊनीवरचा लेख त्याच्या हातात पाऊस पडण्याआधी असला पाहिजे. पान करपल्यावर आलेल्या लेखाचा त्याला काही उपयोग नाही. त्यामुळे आमचे लिखाण हंगामाच्या दीड-दोन महिने आधी तयार होते, कृषितज्ज्ञाकडून तपासून घेतले जाते आणि हवामान पाहून सोडले जाते.

ताईंच्या फर्मचेही असेच गणित मांडता येईल. हळदीची काढणी जानेवारीपासून सुरू होते, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे आणि त्यानंतर नव्या मालाचे सौदे. बेदाणा वाळवण्याच्या शेडवरील रॅक साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात भरलेले असतात. चित्रीकरण या काळात झाले नाही तर पुढे वर्षभर जुनी छायाचित्रे वापरावी लागतात. विक्री दिवाळीत होणार असली तरी तिचा कच्चा मजकूर उन्हाळ्यातच गोळा करावा लागतो. मुलाखत देताना मालकांना हंगामात शेडवर आणि शेतावर जाण्याची परवानगी, वाहन आणि कॅमेऱ्याची व्यवस्था याविषयी अवश्य विचारा.

भाषेबद्दलही एक सांगतो. आमच्या वाचकाला प्रमाण मराठी कळते, पण ‘सिंचन व्यवस्थापनाचे इष्टतमीकरण’ असे लिहिले की तो पुढे वाचत नाही. पाणी किती, केव्हा आणि कशाने द्यायचे, असे लिहिले की वाचतो आणि फोन करतो. मूळ इंग्रजी मजकुराचे भाषांतर न करता थेट मराठीत विचार करून लिहिणारा माणूस संघात असणे, ही माझ्या मते या पदासाठी आपल्या भागातील पहिली अट असली पाहिजे.

विश्रामबाग

मी वकिली करते. या पदावरील माणसाला कायद्याची पदवी लागत नाही, परंतु काही तरतुदी त्याला माहीत असल्याच पाहिजेत, कारण त्याने लिहिलेले वाक्य फर्मला नोटीस आणू शकते.

हळदीच्या बाबतीत सर्वांत मोठा मोह आरोग्याच्या दाव्यांचा असतो. ‘आमच्या हळदीने मधुमेह बरा होतो’ किंवा ‘कर्करोगावर गुणकारी’ असे लिहिणे हे औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या कक्षेत येऊ शकते. त्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आहेत. त्याशिवाय अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ चे स्वतंत्र विनियम आहेत. आजीबाईच्या बटव्यातील गोष्ट म्हणून लिहिले तरी ते फर्मच्या पानावर आल्यावर जाहिरातच मानले जाण्याची शक्यता असते.

दुसरी बाब भौगोलिक मानांकनाची, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच त्या प्रदेशाचे नाव लावू देणाऱ्या नोंदणीची. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये हे मानांकन मिळाले. सांगलीच्या बाजारात शेजारच्या राज्यांतूनही हळद येते. येथे विकली गेलेली प्रत्येक हळद मानांकनाच्या अर्थाने ‘सांगलीची हळद’ ठरत नाही. मानांकनाचे नाव आणि चिन्ह वापरण्यासाठी १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. पत्रकावर ते चिन्ह छापण्यापूर्वी फर्मचे नोंदणीपत्र पाहण्यासाठी मागा, आणि माल कोणत्या गावांतून येतो तेही विचारा.

तिसरी बाब बेदाण्यावरील गंधकाची. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिली जाते. सल्फाइटचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर लेबलवर ॲलर्जीकारक घटक म्हणून त्याचा उल्लेख करावा लागतो. पाकिटावर हा उल्लेख आणि वेबसाइटवर ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणतीही प्रक्रिया न केलेला’ असे वाक्य, अशी विसंगती मी स्वतः पाहिलेली आहे. लेबल, वेबसाइट आणि रील यांत एकच माहिती आहे हे पाहणे मला कंटेंट मॅनेजरचेच कर्तव्य वाटते.

शेवटचा मुद्दा लेखनाच्या मालकीचा. पगारी नोकरीत केलेले लेखन सामान्यतः मालकाचे असते. बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतात. निर्यात करणाऱ्या फर्मसाठी ही ओळ फार महत्त्वाची आहे.

पेठेतला

विश्रामबाग ताईंच्या प्रतिसादामुळे माझे मत बदलले, हे मोकळेपणाने लिहितो. लेबल आणि जाहिरात यांतील विसंगती कोणी पाहायची, हा प्रश्न आमच्या पेढीवर कधी कोणाच्या वाट्याला गेलेला नव्हता. आता फक्त विक्रीच्या मोजमापाचा मुद्दा उरतो. त्यावर कोणी लिहील काय?

मिरजकर

दादा, लिहितो. लाइक आणि फॉलोअर यांची संख्या मालकांना पहिल्यांदा दाखवली जाते, कारण ती वाढताना दिसते. विक्रीशी तिचे नाते सैल असते. माझ्या मते पाकिटे विकणाऱ्या फर्मने पुढील गोष्टी पाहाव्यात. सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत येतात आणि त्यांतील किती जण क्लिक करतात, हे दिसते. त्यात फर्मच्या नावाने शोधणारे लोक वाढत असतील तर नाव रुजत आहे असे समजावे. प्रत्येक पत्रकाच्या आणि संदेशाच्या दुव्याला वेगळी खूण जोडली, म्हणजे ज्याला यूटीएम म्हणतात ती, तर ऑर्डर व्हॉट्सॲपवरून आली की लेखावरून, हे वेबसाइटवरील वर्दळ मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये वेगळे काढता येते. क्यूआर कोडही प्रत्येक पाकिटासाठी निराळा ठेवता येतो. याशिवाय पुन्हा खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण आणि फोनवर विचारल्या जाणाऱ्या त्याच त्या शंकांचे घटणे, हे दोन आकडे मी सर्वांत विश्वासार्ह मानतो. सहा महिन्यांत विक्री दुप्पट होईल असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यापासून दूर राहावे. शोधयंत्रात नव्या पानाला जागा मिळायलाच अनेक महिने जातात.

व्हॉट्सॲपविषयी व्यवहाराची एक गोष्ट. बिझनेस ॲपच्या एका प्रसारण यादीत २५६ क्रमांक बसतात, आणि ज्याने आपला क्रमांक जतन केलेला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. ही मर्यादा मला उपकारक वाटते, कारण तिच्यामुळे गिऱ्हाइकाची संमती घेऊनच यादी बांधावी लागते. विकत घेतलेल्या क्रमांकांवर संदेश पाठवू नयेत.

आता सगळे जण विचारतात तो विषय. मजकूर यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेता येतो, मग माणूस कशाला? मसुदा, शीर्षकांचे पर्याय, लांब मुलाखतीचा गोषवारा, यासाठी ही साधने मी रोज वापरतो. परंतु बेदाण्याच्या शेडवर उभे राहून रॅकवरील मालाचा रंग तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी कसा बदलतो हे यंत्राने पाहिलेले नसते. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये मजकुराच्या गुणवत्तेच्या निकषांत प्रत्यक्ष अनुभवाचा निकष जोडला, त्याचा रोख इकडेच आहे. यंत्राचा मसुदा आत्मविश्वासाने चुकीचा असू शकतो, म्हणून पडताळणीचे काम कमी न होता वाढले आहे. ज्या उपसंपादकाला प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ‘हा कुठून आला’ असे विचारण्याची सवय आहे, त्याची किंमत त्यामुळे वाढली आहे, असे माझे ठाम मत आहे.

अजिंक्यतारा

एक सूचना राहिली. मंजुरी कोण देणार हे पहिल्या दिवशी लेखी ठरवून घ्या. कुटुंबाच्या फर्ममध्ये वडील, दोन मुले आणि सून या सर्वांची संमती हवी असते, आणि एका पोस्टवर चार परस्परविरोधी दुरुस्त्या येतात. तांत्रिक बाब एकाने तपासावी, अंतिम होकार एकाच्याच हाती असावा आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर मजकूर पुढे ढकलला जाईल, असा नियम आमच्याकडे झाल्यापासून काम सुरळीत चालते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेमुळे मालकांशी कशावर बोलायचे हे मला स्पष्ट झाले. रोज एक पोस्ट या अटीऐवजी पहिल्या तीन महिन्यांसाठी वेगळी योजना मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे: लेबले, वेबसाइट आणि जुन्या जाहिराती यांतील दावे एकत्र करून तपासणे, फोनवर येणाऱ्या प्रश्नांची वही सुरू करणे आणि त्या वहीतील सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर थोडे पण पडताळलेले लेख तयार करणे. मानांकनाचे नोंदणीपत्र, अंतिम मंजुरी देणारी एकच व्यक्ती, हंगामात शेडवर जाण्याची सोय आणि बाहेरच्या लेखक-छायाचित्रकारांसाठी लेखी करार, हे चार मुद्दे मी टिपून घेतले आहेत. एक शंका उरते. मालकांनी विक्रीचे लक्ष्यही माझ्यावरच टाकायचे ठरवले, तर ते स्वीकारावे काय?

मिरजकर

ताई, विक्रीचा भाव, सूट आणि मालाचा पुरवठा तुमच्या हाती नसेल तर विक्रीचे लक्ष्य स्वीकारू नये. चौकशांची संख्या, वेबसाइटवरून आलेल्या ऑर्डरी आणि पुन्हा खरेदीचे प्रमाण, यांची जबाबदारी घेता येईल, पण पहिल्या तिमाहीत हे आकडे आज कुठे आहेत एवढेच नोंदवावे आणि लक्ष्य त्यानंतर ठरवावे, असे नियुक्तिपत्रातच लिहून घ्या. आज त्या फर्मकडे ही नोंद असण्याची शक्यता कमी आहे, म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल यांची मालकी कोणाच्या ई-मेलवर आहे हे पाहा. अनेकदा ती जुन्या एजन्सीच्या नावावर असते आणि ती फर्मच्या नावे करून घ्यायला वेळ लागतो.